ड्रम नाही, बेस नाही, मागे पाऊस : एड्रियन लेंकरचा ‘सॉन्ग्ज’ पुरा की अर्धवट?

खाडीकाठ (देवगड)

गेल्या महिनाभरात या एका अल्बमवरून आमचं तिसऱ्यांदा भांडण वाजलं, म्हणून म्हटलं आता चारचौघांतच काय तो निकाल लागू दे. आम्ही चार गिटारवाले आहोत. दोघे देवगडात, एक कणकवलीत, एक नोकरीपायी रत्नागिरीत. एकत्र बसलो की मी कधीतरी ‘सॉन्ग्ज’ लावतो, आणि दुसऱ्या गाण्याला कुणीतरी विचारतंच, “छान आहे रे, पण हा डेमो ना? खरा अल्बम कुठाय?”

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एड्रियन लेंकर ही ‘बिग थीफ’ या ब्रुकलिनच्या इंडी रॉक बँडची गायिका, गिटारवाली आणि गाणी लिहिणारी. बँडने २०१९ मध्ये मे आणि ऑक्टोबर असे एकाच वर्षात दोन अल्बम काढले. मार्च २०२० मध्ये युरोपचा दौरा साथीमुळे मधेच आटोपला. त्यातच तिचं प्रेमप्रकरण तुटलेलं. ती अमेरिकेत परतली आणि मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात डोंगरात एका खोलीचं लाकडी घर भाड्याने घेऊन राहिली. एप्रिलमध्ये फिलिप वाइनरोब हा रेकॉर्डिंग करणारा मित्र टेप मशीन, मायक्रोफोन आणि वायरींचं भेंडोळं घेऊन तिथे पोचला. त्यातून ऑक्टोबर २०२० मध्ये दोन अल्बम एकत्रच आले. ‘सॉन्ग्ज’मध्ये ११ गाणी, सगळी मिळून चाळीस मिनिटांच्या आत. ‘इन्स्ट्रुमेंटल्स’मध्ये दोनच लांब तुकडे, शब्द नाहीत. अकरांपैकी नऊ गाणी तिने त्या मुक्कामातच लिहिली. रेकॉर्डिंगपासून मास्टरिंगपर्यंत संगणक कुठेच नाही.

माझं म्हणणं एवढंच, की हा अल्बम अर्धवट नाही. बँड गायब झालेला नाही, तो तिच्या उजव्या हातात आहे. अंगठा खालच्या तारांवर एकसारखा चालतो, तो बेस. मधली बोटं मोकळ्या तारा छेडत राहतात, तो भरणा. सगळ्यात वरच्या तारेवर कधीकधी आवाजाच्या आधी, कधी आवाजाच्या मागून एक छोटी धून येते, ती दुसरी गायिका. तारा नेहमीच्या सुरांत लावलेल्या नसतात, त्यामुळे काही तारा मोकळ्याच घुमत राहतात, आपल्या तंबोऱ्यासारख्या. पट्टीवर कॅपो, म्हणजे तारा दाबून सूर चढवणारा चिमटा. मी चार महिने एका गाण्यावर घालवलेत, अजून अंगठा आणि गाणं एकाच वेळी जमत नाही. अंगठा नीट चालला की शब्द विसरतो.

आणि मागे पाऊस आहे, पक्षी आहेत, लाकडाची करकर आहे. गेल्या जुलैत रात्री लाइट गेली, पडवीत बसून फोनवर हाच अल्बम लावला होता. आमच्या पडवीला पत्रा आहे. मधेच कळेना, की हा पाऊस तिचा की माझा. फोन बंद केला तेव्हा कळलं की दोन्ही होते.

आता बोला.

पखवाजी (कुडाळ)

खाडीकाठ, तुझां सगळां वाचलंय. ती बाय वायट गाता असां माका म्हणूचां नाय. पण पाऊस ऐकूक पैशे कित्याक मोजूचे? जून ते सप्टेंबर आमच्या पत्र्यार फुकट वाजता.

(पुढचं प्रमाणभाषेत लिहितो, नाहीतर रत्नागिरीकर म्हणतील कळलंच नाही.)

मी डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, साथ करतो. बुवा एक ओळ म्हणतो, मागचे उचलतात, झांज येते, आणि मग गजर चढत जातो. ऐकणाऱ्याला माहीत असतं की आता फुटणार. माणसं पहाटेपर्यंत बसतात ती त्या फुटण्यासाठी. तुझ्या या अल्बमात अकरा गाणी ऐकली, एकही फुटत नाही. सुरू होतं, तसंच चालतं, थांबतं. चुलीवर ठेवलेलं पाणी कोमट होऊन उतरवलं तर त्याला काय म्हणायचं? अंगठा बेस वाजवतो म्हणतोस. मान्य. पण साथ म्हणजे दुसरा माणूस. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे ठाऊक नसताना त्याच्याबरोबर सम गाठणं. एकटा माणूस स्वतःशी समेवर आला तर त्यात काय मोठंसं?

फझपेडल (अलिबाग)

पखवाजींशी सहमत, कारण मात्र वेगळं. मला तिची गिटार आवडते म्हणूनच हा अल्बम आवडत नाही.

बिग थीफचा ‘टू हँड्स’ ऐका. त्यात ‘नॉट’ नावाचं गाणं आहे. शेवटची काही मिनिटं ती इलेक्ट्रिक गिटारवर जे करते ते ऐकून माझ्या शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली होती. तार अक्षरशः ओरबाडते. फीडबॅकची शीळ, चुकलेले सूर, सगळं अंगावर येतं. जिला हे येतं, तिने लाकडी गिटार मांडीवर घेऊन कुजबुजत बसावं? सेहवागने दिवसभर फक्त डिफेन्स करावा तसं झालं.

खाडीकाठ

फझपेडल, डिफेन्स म्हणालास तिथे चुकलास. ‘टू रिव्हर्स’ हे पहिलंच गाणं हेडफोन लावून ऐक. बोटं किती जोरात पडतात बघ. तार फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीवर, आपटल्याचा आवाज आहे. कुजबुज गळ्यात आहे, हातात नाही. मला तर तोच मुद्दा वाटतो. तोंडाने हळू बोलणारी माणसं हाताने भांडी आपटतात, घराघरांत पाहिलंय.

पखवाजी, “साथ म्हणजे दुसरा माणूस” हे मनाला लागलं. यावर आत्ता माझ्याकडे उत्तर नाही.

साउंडवाला (रत्नागिरी)

मी वर उल्लेख झालेला चौथा. “डेमो ना?” विचारणारा मीच.

आधी एक भ्रम दूर करतो. “संगणक कुठेच नाही” हे तू दर वेळी देवळात सांगावं तसं सांगतोस. ते खरं आहे, पण तू ऐकतोस कशावर? फोनवर. स्ट्रीमिंगवर. म्हणजे तुझ्यापर्यंत येईस्तोवर त्या पवित्र टेपचे आकडे झालेत, आकडे दाबून लहान केलेत, आणि मग ते इवल्याशा स्पीकरमधून पत्र्याच्या पडवीत सोडलेत. टेपचं सोवळं तुझ्या फोनपाशी केव्हाच मोडलंय.

टेपमुळे आवाज “खरा” होतो हेही नाही. टेप थोडा रंग चढवते, वरचे तीक्ष्ण सूर जरा बोथट करते, मागे बारीक सूं आवाज सोडते. कानाला ते ऊबदार लागतं इतकंच. टेपचा खरा परिणाम दुसरीकडे आहे आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. संगणकावर पन्नास टेक घ्या, प्रत्येकातला एक शब्द उचला, जोडा. टेपवर हे करणं जिकिरीचं, शिवाय टेप महाग. मग माणूस आधी गाणं बसवतो आणि पूर्ण वाजवतो. चूक झाली तर एकतर पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर चूक ठेवायची. या अल्बमात चुका ठेवल्यात. मला त्या ऐकू येतात.

तरीही माझं मत कायम. खोलीचा आवाज सुंदर पकडलाय, वाइनरोबला सलाम. तिने स्वतःच कुठेतरी म्हटलंय की ती खोली म्हणजे गिटारच्या आत बसल्यासारखं होतं. बरोबर आहे. लाकडी भिंती, लहान जागा, आवाज फिरून परत येतो पण चिऱ्याच्या घरात घुमतो तसा घुमत नाही. पण सुंदर खोली म्हणजे सुंदर अल्बम नव्हे. चार-पाच गाणी एकाच लयीची, एकाच उंचीची. मधे एखादं काढलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

माहेरवाशीण (दिवेआगर)

मी गिटार वाजवत नाही, फक्त ऐकते. मुलीने लावला म्हणून कानावर पडला.

गाण्यांबद्दल नंतर. आधी मला त्या लाकडी घराच्या गोष्टीचा राग येतो. दर ठिकाणी तीच गोष्ट सांगतात : जगापासून दूर, जंगलात, एकटीने. अहो, तिने ते घर भाड्याने घेतलं होतं. तिला जायचं होतं म्हणून ती गेली. त्याच एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे मुंबईहून चाकरमानी आले, त्यांना गावाबाहेर शाळेत ठेवलं. वर्गातल्या बाकांवर अंथरुणं, घरचा डबा फाटकापाशी. त्यांनाही एकांतच होता. माझा दीर त्यात होता. त्याला रात्री झोप यायची नाही म्हणून तो फोनवर स्वतःचं गाणं रेकॉर्ड करून आम्हाला पाठवायचा. मागे कुत्री, कुणाचं तरी खोकणं, पंख्याची खडखड. त्याला कुणी “वातावरण” म्हटलं नाही.

आणि मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ. आमची नारळी-पोफळी आडवी झाली, कौलं उडाली, लाइट किती तरी दिवस नव्हती. छपराखाली पावसाचा आवाज तेव्हापासून मला तरी गोड लागत नाही. तुम्हाला पत्र्यावरच्या पावसात काव्य दिसतं, मला ताडपत्री दिसते.

खाडीकाठ

ताई, हे वाचून थोडा वेळ काहीच लिहिलं नाही. पाऊस गोड, हे मी देवगडच्या पडवीतून बोललो. तुमच्या बाजूला तो कसा आला होता हे विसरलो. चूक मान्य.

पण तिच्यावर एवढा राग नका धरू असं वाटतं. घर भाड्याने घेतलं हे ती लपवत नाही. ती गोष्ट रंगवून विकणारे दुसरेच.

फझपेडल

लपवत नाही, पण विकली जाते तेव्हा नकोही म्हणत नाही. ताई, शंभर टक्के.

माहेरवाशीण

फझपेडल, घाई नको, माझं पुरं झालं नव्हतं.

राग गोष्टीचा आहे, गाण्यांचा नाही. गाणी मला आवडली, आणि पखवाजींचं म्हणणं मला पटलेलं नाही. माझी आजी पहाटे दळायला बसायची. एकटी. ओवी म्हणायची ती कुणाला ऐकवायला नव्हे. ती ओवी फुटायची नाही, गजर व्हायचा नाही, टाळी तर नाहीच. दळण संपलं की ओवी संपली, कधी अर्ध्यावरसुद्धा. तिला कुणी अर्धवट म्हटलं का? देवळातलं गाणं वेगळं, जात्यावरचं वेगळं. तुम्ही जात्यापाशी बसून गजर शोधताय.

‘इंगिडार’ म्हणून जे गाणं आहे, त्यात घोडा मेलेला आहे आणि सगळं काही दुसऱ्याला खातं आणि स्वतः खाल्लं जातं असं काहीतरी ती म्हणते. मुलीने अर्थ सांगितला. असलं काही सहज, रडारड न करता, हात चालू ठेवून म्हणायचं हे मी आजीच्या ओवीतच ऐकलंय. मेलेल्या मुलाचं नाव घ्यायची आणि घास घालायची जात्यात.

पखवाजी

माहेरवाशीण ताई, नमस्कार. तुमच्याशी वाद घालायला जड जातंय, पण जात्याला तुम्ही एकटं समजताय. जात्याची घरघर हाच ताल. दगड जड असतो, तो आपल्या वेगाने फिरतो, बाईला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. दगड ऐकत नाही. म्हणजे तिथेही दुसरा आहेच! माझं तेच म्हणणं. या पोरीच्या गाण्यात तिला अडवणारं कोण आहे?

साउंडवाला

वा पखवाजी. दगड ऐकत नाही हे आवडलं. आणि नाइलाजाने सांगतो, तुमच्याच विरुद्ध जातं ते. अडवणारी टेप आहे. वर मी तेच लिहिलं : ती हवी तशी कापता-जोडता येत नाही, तिच्या वेगाने जावं लागतं.

खाडीकाठ

आणि अंगठा! चार महिने घालवलेत म्हटलं ना. अंगठा एकदा फिरायला लागला की तो दगडासारखाच. शब्दासाठी थांबत नाही. शब्दांना त्याच्या मधल्या फटीत शिरावं लागतं. पखवाजीदादा, तुम्हाला द्यायचं उत्तर मला तुमच्याकडूनच मिळालं.

पखवाजी

अंगठो तिचोच रे मेल्या. स्वतःच्या अंगठ्याशी कसली जुगलबंदी!

हापूसखोर (मालवण, बारावी)

मोठ्यांच्या मधे बोलते, सॉरी. पण कुणीच कसं लिहिलं नाही, की ‘एनिथिंग’मध्ये आंबा आहे? तोंडात आंबा, रस गळतोय, शर्टाची बाही खांद्यावरून घसरतेय. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना हे गाणं पाठ आहे, आणि ते टेप-बिप आम्हाला माहीतही नव्हतं. आम्ही ते रील्सवर ऐकलं.

फझपेडल

आंबा आला म्हणजे गाणं आपलं झालं का? तिकडे दुकानात मिळतो तो बहुतेक मेक्सिकोचा. दोरे निघतात त्याचे.

साउंडवाला

शिवाय त्याच्या पुढच्याच ओळीत नाताळची आदली संध्याकाळ आहे. देवगडकरांनी सांगावं, डिसेंबरात झाडावर काय असतं?

खाडीकाठ

मोहोर. तोसुद्धा थंडी पडली तर.

पण पोरीने बरोबर जागी बोट ठेवलंय. ‘एनिथिंग’ मी गिटारसाठी ऐकत होतो, शब्द असेच जाऊ द्यायचो. आता पुन्हा वाचले. आंबा, मग लगेच नाताळ, मग तिच्या आईशी भांडण नको असताना होणारं भांडण, कुत्रा चावतो, हॉस्पिटल, सामानाची यादी. ऋतू जुळत नाहीत, आणि जुळायचं कारणही नाही. माणूस सोडून गेल्यावर आठवणी तारीखवार येत नाहीत. बिचारी यादी करत बसलीये आणि गिटार ती यादी एकाच दोऱ्यात ओवते. तो दोरा तुटत नाही म्हणून उड्या चालतात. खाली ड्रम असता तर प्रत्येक उडीला ठेका पडला असता, आणि प्रत्येक ओळ “महत्त्वाची” वाटली असती. इथे कुत्रा चावणं आणि किराणा एकाच वजनाचे आहेत. ते भयंकर आहे.

हापूसखोर

हो तेच! आम्ही हसत म्हणायचो आणि मग मधेच रडू यायचं. कुठल्या ओळीला ते दर वेळी वेगळं.

फझपेडल

ठीक, ‘एनिथिंग’ मी सोडून देतो. ते गाणं चांगलंच आहे. बाकीच्या दहांबद्दल बोलू. आणि ‘इन्स्ट्रुमेंटल्स’बद्दल तर कुणी चकार शब्द काढत नाही. पहिला तुकडा एकवीस मिनिटं, दुसरा बहुतांशी वाऱ्यावर किणकिणणाऱ्या घंटांचा. याला गिटार अल्बम म्हणायचं? बर्कली या संगीत महाविद्यालयात शिष्यवृत्तीवर शिकलेली बाई आहे ती, अडाणी साधेपणा नव्हे हा. तिला सगळं येतं आणि ती देत नाही, हाच माझा राग.

साउंडवाला

पहिल्या तुकड्याचा किस्सा ठाऊक आहे का? ते दोघं रोज सकाळी कामाला लागताना आणि रात्री आवरताना गिटारवर काहीतरी सुचेल ते वाजवून टेप करायचे. त्यांतले आवडलेले तुकडे जोडून ती पहिली बाजू झाली. दुकान उघडताना उदबत्ती आणि बंद करताना दिवा, तसा प्रकार. मला तो ‘सॉन्ग्ज’पेक्षा जास्त आवडतो, कारण तिथे कुणी गाणं पुरं केल्याचा दावाच करत नाही.

फझपेडल, “येतं आणि देत नाही” या तक्रारीवर उपाय आहे. २०२४ चा ‘ब्राइट फ्यूचर’ ऐक. रेकॉर्डिंगला पुन्हा वाइनरोबच, पुन्हा टेप, पण या वेळी सोबत व्हायोलिन, पियानो, दुसऱ्यांचे गळे. पखवाजींनाही हवा तो दुसरा माणूस मिळेल.

पखवाजी

ऐकलंय. चार वेळा. तो चांगलो आसा.

आणि एक कबूल करून टाकतो, खाडीकाठला बरं वाटेल. भाच्याला झोपवायला काल तो घंटांचा तुकडा लावला होता. पोर दहा मिनिटांत झोपलं. मी मात्र बसून राहिलो, कारण दर वेळी वाटायचं की आता ठेका पडेल. नाही पडला. हात मांडीवर आपोआप ठेका धरत होता आणि दर वेळी चुकत होता. याला मी चांगलं म्हणणार नाही. पण झोप लागली नाही हे खरं.

खाडीकाठ

मला बरं वाटलं, पण एवढ्यात खूश होण्यासारखं नाही. आज सकाळी गिटार काढली तर ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी, एका बाजूने सुटलाय. नखभर फट. पावसाळ्यात कपाटात बल्ब लावून ठेवली होती तरी. खाली पृष्ठभागही फुगल्यासारखा वाटतोय. आता ‘टू रिव्हर्स’चं काय करू?

साउंडवाला

आधी सगळ्या तारा सैल कर. आत्ता. हे वाचायचं सोडून. ताण राहिला तर उरलेली बाजूही उखडेल आणि सोबत लाकडाचा टवका घेऊन जाईल. आणि सुताराकडचा साधा पांढरा गोंद भरू नकोस, मे महिन्यात गरमीने तो सरकतो.

पखवाजी

बल्ब लावून लाकूड एका अंगान सुकता, दुसऱ्या अंगान ओलां. पखवाज मी कपड्यात गुंडाळून चुलीच्या वरच्या माळ्यार ठेवतंय. पण गिटार थंय ठेवू नको, वाकात.

खाडीकाठ

तारा सैल केल्या. रविवारी एसटीने रत्नागिरीला घेऊन येतो. साउंडवाल्या, चिकटवताना दाबून धरायला क्लँप आहेत ना तुझ्याकडे?

साउंडवाला

दोन आहेत. तिसरा फझपेडलकडे दोन वर्षं पडून आहे.

फझपेडल

कुरिअर करतो. त्यासोबत ‘टू हँड्स’ची रेकॉर्डही पाठवतो, गोंद वाळेपर्यंत ऐकायला लागेलच काहीतरी.